तिच्या मापाची गाडी

टेलरबाईंच्या नवऱ्याला गाडी चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढची हकिगत ऐकणारा प्रत्येक जण मध्येच थांबवून नेमकं हेच विचारतो. उभं आयुष्य त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं होतं आणि गल्लीत सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणत. "यांना वर आणि खाली, दोनच दिशा कळतात," असं बाई गिऱ्हाइकांना सांगायच्या, आणि लिफ्टवाले शेजारच्या स्टुलावर बटणं निवडत खुशाल हसायचे.

गाडी चालवायच्या त्या बाई. निळी, चार दारांची, दुकान थाटलं त्या सुमारास घेतलेली. तिच्यातून कापडाचे तागे आले, सासूबाईंच्या दवाखान्याच्या खेपा झाल्या, लेक शाळेत गेली आणि पुढे नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. लिफ्टवाले कायम बाजूच्या सीटवर, मांडीवर पिशवी घेऊन. वळण आलं की दारावरची कडी घट्ट धरून.

शेवटी गाडीचा तळ गंजला. डबक्यातून गेलं की आत बसल्या बसल्या पाय धुऊन निघत. गॅरेजवाल्याने खाली वाकून बोट लावलं, तर बोट पत्र्यातून आरपार गेलं. "बाई, आता हिला निरोप द्या," तो म्हणाला.

भंगारवाला यायच्या दिवशी बाई खाली उतरल्या, तर तो आल्या पावली परत गेलेला, आणि लिफ्टवाले बॉनेटमध्ये डोकं घालून उभे.

"इंजिन ठणठणीत आहे," ते आतूनच म्हणाले. "गिअरबॉक्स तर लोणी. नुसती कातडी सडली आहे हिची."

"मग?"

"मग नवं अंग करू या हिला. हलकंफुलकं. दोघांपुरतं. स्पोर्ट्स कार असते ना, तसं."

बाईंना वाटलं, थट्टा करताहेत. तळाला एखादी प्लेट ठोकतील आणि गप्प बसतील. पण आठवडा सरायच्या आत गाडीची सगळी हाडं सुटी होऊन दुकानामागच्या खोलीत मांडली गेली. इंजिन एका कोपऱ्यात, मागचा अ‍ॅक्सल दुसऱ्या, स्टिअरिंग खिडकीत, आणि ब्रेकचे भाग जुन्या चादरीवर ओळीने, जणू कोणाचं ऑपरेशन चाललंय. उरलेलं निळं खोकं भंगारवाला घेऊन गेला. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. इतक्या वर्षांची गाडी मागून इतकी पोकळ दिसेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी अबोला धरला. सांगायचं असेल ते लेकीला फोन करून, लिफ्टवाले समोर असतानाच, मोठ्याने सांगायच्या. "तुझ्या बाबांना सांग, माझ्या इस्त्रीच्या टेबलावर कार्ब्युरेटर ठेवायचा नाही म्हणावं."

"आई, मी इथून काय करू?" लेक हसू दाबत म्हणायची. "आणि बाबांना ऐकू येतंय ना तिथे."

"येऊ दे."

खोलीत लोखंडी चौकोनी नळ्या आल्या. लिफ्टवाले त्या कापायचे, कानशीने घासायचे, मांडून पाहायचे आणि वेल्डिंग करायचे. शिवायला आलेल्या कोटांवर लोखंडाचा कीस नको म्हणून बाईंनी मधल्या दारावर जाड पडदा टांगला. पडद्यापलीकडे निळा उजेड लखलखायचा आणि अलीकडे बाईंची मशीन तितक्याच रागाने चालायची.

धाकटे दीर दर रविवारी यायचे. त्यांचा टेम्पोचा धंदा, त्यामुळे गाड्यांमधलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची समजूत. "दादा, ही गाडी की पलंग?" ते विचारायचे. एकदा दुकानात गिऱ्हाइकं बसलेली असताना म्हणाले, "वहिनी, छत नाही, दारं नाहीत. ही बादली आहे, बादली. पाऊस आला की आपोआप भरेल." गिऱ्हाइकं खो खो हसली. दोन दिवसांत ते नाव गल्लीभर झालं. वाणी विचारू लागला, पेपरवाला विचारू लागला, "बाई, बादली कुठवर आली?"

हे मात्र बाईंना झोंबलं. नवऱ्याला नावं ठेवायचा मक्ता त्यांचा होता, गल्लीला कोणी दिला होता? त्या दुपारी लिफ्टवाले बाहेर गेलेले पाहून त्यांनी पहिल्यांदा तो पडदा बाजूला केला.

सांगाडा दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेला होता. लांबट, पुढे निमुळता, तिरक्या नळ्यांनी बांधलेला. बाईंनी एका कोपऱ्याला हात घालून उचलून पाहिलं, तर तो उचलला गेला. मग त्या वाकून सांधे बघू लागल्या. कापड हातात आलं की आधी उलट्या बाजूने बघायचं, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी सांगाडाही खालच्या बाजूने पाहिला, जिथे कोणी बघणार नव्हतं. तिथेही प्रत्येक सांधा एकसारखा होता, एका रेषेत, एका अंतराने पडलेल्या टाक्यासारखा. कुठे गाठ नाही, कुठे ओढ नाही.

लिफ्टवाले परत आले तेव्हा त्या तिथेच उभ्या होत्या.

"हे सगळं तुम्ही केलंत?"

"मग कोण करणार?"

बाईंनी सांध्यावरून बोट फिरवलं. "टाका बरा आहे," त्या म्हणाल्या.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलींना हे तीन शब्द ऐकायला वर्षं लागायची. लिफ्टवाल्यांचे कान लाल झाले. त्यांनी उगाचच पक्कड शोधायला सुरुवात केली, ती त्यांच्या हातातच होती.

अबोला संपला तो तिथे. पण कामाला खरा अडथळा आला तो पुढे, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावताना. सरळ बाजू छान बसल्या. मागचा गोल भाग काही केल्या बसेना. पत्रा एकीकडे दाबला की दुसरीकडे फुगायचा, आणि फुगलेला ठोकला की चुण्या पडायच्या. दोन पत्रे वाया गेले. लिफ्टवाले तिसऱ्याकडे नुसते बघत बसले.

"सरका," बाई म्हणाल्या. "खांद्यावर कापड असंच फुगतं. ठोकून काय होणार? बेतावं लागतं."

त्यांनी जुनी वर्तमानपत्रं आणली, सांगाड्यावर पसरली, टाचण्या टोचता येईनात म्हणून चिकटपट्टी लावली. जिथे कागद फुगला तिथे चिमटीत धरून घडी घातली आणि खडूने खूण केली. कागदावरून पुठ्ठा कापला, पुठ्ठ्यावरून पत्रा. आखायच्या त्या, कापायचे लिफ्टवाले. दोघांची भांडणं व्हायची ती मिलिमीटरवरून.

"शिलाईला जागा सोडली आहे, ती कापू नका!"

"इथे शिलाई नाही गं, रिव्हेट आहेत."

"रिव्हेट हवेत मारणार का? त्यांना पत्रा नको?"

गोल भाग बसला तेव्हा दोघांनीही आपापला हात त्यावरून फिरवला. चुणी नव्हती.

मग सीट आणि पेडल बसवायची वेळ आली. लिफ्टवाल्यांनी सांगाड्यात एक खोकं ठेवलं आणि म्हणाले, "अगं, बस ना जरा आत."

"मी कशाला?"

"बस तर खरी."

बाई पाय उचलून आत उतरल्या. लिफ्टवाल्यांनी त्यांच्याच गळ्यातली टेप काढून घेतली आणि कमरेपासून तळव्यापर्यंतचं, खांद्यापासून मुठीपर्यंतचं माप घेऊ लागले. एकेक आकडा खडूने नळीवर लिहीत होते.

"अहो, माझं माप घेऊन काय करणार?"

"मग कोणाचं घेऊ? चालवणार कोण?"

 इतके महिने बाईंची खात्री होती की म्हातारपणी यांना गाडी चालवायची हौस आली आहे, आज ना उद्या शिकवणीला जातील.

"त्या गाडीत पेडल तुला लांब पडायचं," लिफ्टवाले खाली वाकून बोलत होते. "पाठीला उशी लावून बसायचीस. उशी सरकली की रागवायचीस, तरी चालवायचीस. बाजूला बसून दुसरं काय बघणार मी? तेव्हाच मनात होतं, एकदा हिच्या मापाची गाडी करायची."

बाईंनी अर्ध्या गावाची मापं घेतली होती. कोणाचा खांदा उतरता आहे, कोणाचा एक हात लांब आहे, सगळं त्यांना पाठ. स्वतःचे कपडे मात्र त्या अंदाजाने शिवायच्या, कारण आपलं माप आपल्याला नीट घेता येत नाही. त्या खोक्यावर ताठ बसून राहिल्या.

"नीट घ्या," शेवटी एवढंच म्हणाल्या. "घाई नको."

गाडी तयार झाली. पुढे फायबरचं निमुळतं नाक, बाजूला चकचकीत पत्रा, खाली जुन्या गाडीची चाकं. रंग निळा. रस्त्यावर आणायची तर सरकारी तपासणी लागते, म्हणून दिरांनी आपल्या टेम्पोवर चढवून ती तपासणीच्या मैदानावर नेली. तपासनीस तरुण होता, शांत होता आणि कामाचा पक्का होता. टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला, बराच वेळ आतच राहिला. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "सांगाडा उत्तम आहे." मग त्याने पत्र्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबला. "ही कड मात्र कापते. कोणी चालणारा घासला गेला तर? आणि पुढचे दिवेही खाली आहेत. हे करून आणा, मग बघू."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, हेच बाईंना जास्त लागलं. परतीच्या वाटेवर दीर दोनदा विनोद करायला गेले आणि वहिनींचं तोंड बघून गप्प बसले.

"कच्चे काठ ठेवून कधी कपडा दिला नाही मी कोणाला," बाई घरी आल्यावर म्हणाल्या. "आणि स्वतःच्या गाडीला दिला!"

लिफ्टवाल्यांनी दिवे वर घेतले. बाईंनी काठ धरले. कपड्याच्या काठात नाडी घालतात तशी पत्र्याच्या काठात तार घालायची आणि पत्रा तिच्यावरून दुमडत न्यायचा. लाकडी हातोडीने, हलक्या हाताने, बोटभर पुढे, पुन्हा बोटभर. दुकानात कोटांचा ढीग साचला. बाईंनी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, "थोडं थांबा. महत्त्वाचं शिवण चाललंय."

दुसऱ्यांदा गेले तेव्हा तपासनिसाने गाडीला पूर्ण फेरी मारली, अंगठा काठावरच ठेवून. मग उलटी फेरी मारली.

"हे कोणी केलं?"

"हिने," लिफ्टवाले म्हणाले. त्याचा प्रश्न पुरता संपायच्या आत.

"आणि इंजिन, सांगाडा?"

"यांनी," बाई म्हणाल्या.

तपासनीस पहिल्यांदा हसला. "ब्रेकची चाचणी घ्यायची आहे. काका, बसा चालवायला."

"मला येत नाही," लिफ्टवाले म्हणाले. असं सांगायला माणसं लाजतात. ते मात्र असे ताठ उभे राहून म्हणाले, की तपासनिसाला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं.

बाई आत उतरल्या. पाय पेडलवर आपसूक पडले, पाठीला उशी लागली नाही. शेजारी तपासनीस बसला. जुन्या गाडीला आर्जवं करावी लागायची. ही नुसती मनात आणताच निघाली. बाईंना हसू फुटलं. मैदानाच्या टोकाला तपासनीस म्हणाला, "आता दाबा." बाईंनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, इकडे नाही, तिकडे नाही.

"पुन्हा एकदा," तपासनीस म्हणाला. पुन्हा एकदा झाली. वळणाची चाचणी झाली. मग तो घसा साफ करून म्हणाला, "अजून एक फेरी घ्या."

"काही राहिलं का तपासायचं?"

"नाही," तो म्हणाला. "सहज."

मैदानाच्या कडेला दुसऱ्या गाड्यांचे मालक रांग सोडून बघायला जमले होते. बाई वळसा घेऊन आल्या तेव्हा त्यांच्यात दीर हात वर करून ओरडत होते, "वहिनी आहेत माझ्या! आणि गाडी दादाने केली आहे, दादाने! माझा सख्खा भाऊ!" लिफ्टवाले बाजूला उभे होते आणि चष्मा पुसत होते. तो आधीच स्वच्छ होता.

नंबर मिळाला. दिरांनी टेम्पोची फळी उघडली, तर बाई म्हणाल्या, "बंद करा ती. आम्ही आमच्या गाडीने येतो." आणि घराकडे वळायच्या ऐवजी त्यांनी टेकडीचा रस्ता धरला. रुंद रस्त्यावर वारा इतका होता की बोलणं ओरडून करावं लागत होतं. पुढे चढ आला, मग एकामागून एक वळणं आली. बाई गिअर टाकत होत्या, काढत होत्या, आणि प्रत्येक वळणाला गाडी रस्त्याला चिकटून फिरत होती.

"कशी आहे?" लिफ्टवाले ओरडले.

"अंगाबरोबर बसली आहे!" बाई ओरडल्या.

वर माथ्यावर एक ट्रक उभा होता. ड्रायव्हर टायरवर पाणी मारत होता. ही गाडी थांबलेली पाहून त्याने डबा खाली ठेवला, हात पुसले आणि सावकाश भोवती फिरला. नाकावरचं चिन्ह शोधलं, ते सापडलं नाही.

"कुठल्या कंपनीची हो?"

लिफ्टवाल्यांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी लिफ्टवाल्यांकडे.

"घरची आहे," बाई म्हणाल्या. "या, दाखवते तुम्हाला. आधी खालून बघा. वरून सगळं छानच दिसतं."

आणि ड्रायव्हर खरोखर रस्त्यावर गुडघे टेकून वाकला. लिफ्टवाले त्याच्या शेजारी बसून एकेक सांधा दाखवू लागले. ट्रकला उशीर होत होता, पण निघायची घाई तिघांपैकी कोणालाच नव्हती.