पासवर्ड कुणाकडे

“वहिनी, तुम्ही हात लावू नका. संध्याकाळी येऊन मीच पासवर्ड टाकतो,” दीर फोनवर म्हणाला.

“सांगा ना, भाऊजी. मी टाकते नि मोकळी होते.”

“नको. त्यानं सगळंच उघडतं. चुकून काहीतरी उडवून बसाल.”

त्याच्या मागे माणसांचा गलका होता. आज कुठल्याशा कॉलेजात त्याचं व्याख्यान होतं. विषय नेहमीचाच: आपल्या संगणकावर आपलीच सत्ता हवी.

तिनं फोन ठेवला तेव्हा तिचे कान तापले होते. बाळ नुकतंच झोपलं होतं, आणि ते झोपेल तेवढाच वेळ तिचा. लोकांच्या मुलाखती ऐकून ती टाइप करून देई. आजचे म्हातारबुवा असे भरभर बोलत होते की अर्धी वाक्यं हातची निसटत. बोलण्याचा वेग कमी करणारा प्रोग्राम टाकायचा, तर पासवर्ड हवा. संध्याकाळपर्यंत काम पोचलं नाही, तर पुढचं दुसरीकडे जाणार होतं.

जुन्या सिस्टीमला ती अशाच खोळंब्यापायी विटली होती. बाळाचा डोळा लागावा आणि पडद्यावर ‘अपडेट सुरू आहे, संगणक बंद करू नका’ उमटावं. चाक गरगरत राही, तोवर बाळ उठे. मग लिनक्स ही फुकट मिळणारी, जुन्या यंत्रावरही चालणारी सिस्टीम टाकायचं ठरलं आणि घरात जो तो आपलं कारण घेऊन पुढे आला. सासरे म्हणाले, चालतं यंत्र भंगारात कशाला घाला. नवरा म्हणाला, व्हायरसची कटकट गेली. दीर तर जेवण गार होईपर्यंत स्वातंत्र्यावर बोलला. वापरणारीला मात्र कुणी काही विचारलं नाही. आणि एवढं स्वातंत्र्य आणून हा बाबा त्याची किल्ली खिशात घालून हिंडतोय!

तिनं ड्रॉवर खसकन ओढला. दिरानं ज्यावरून सिस्टीम टाकली होती, तो पेनड्राइव्ह तिथेच पडला होता. आपल्या फायली तिनं आधी दुसरीकडे उतरवून घेतल्या, मग पेनड्राइव्ह लावून सिस्टीम नव्यानं टाकायला घेतली.

सासूबाई दारात आल्या. “अगं, येईलच तो संध्याकाळी. एवढं काय अडलंय?”

“माझं अडलंय, आई.”

आवाज चढलाच. सासूबाई पाळण्यापाशी जाऊन बसल्या.

पडद्यानं विचारलं, सगळं पुसून टाकायचं? तिचं बोट क्षणभर अडखळलं. खरंच बिघडलं तर घरच्यांचं आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल. मग तिनं होकार दाबला. पुढे नाव विचारलं, तिनं स्वतःचं घातलं. पासवर्ड विचारला, तोही तिनं दोनदा घातला, ओठ घट्ट मिटून.

सिस्टीम आणि तो प्रोग्राम चढेपर्यंत बाळ उठलं. त्याला मांडीवर घेऊन, एका हातानं त्याची मूठ कीबोर्डवरून बाजूला सारत तिनं म्हातारबुवांचं बोलणं उतरवलं आणि दिवेलागणीला पाठवून दिलं.

दीर आला तो थेट संगणकापाशी. “हे काय केलंत, वहिनी? माझी सगळी मांडणी गेली.”

“माझं काम गेलं ना वेळेवर.”

“बरं, मी पुन्हा नीट लावून देतो. पासवर्ड काय ठेवलात?”

“तुम्ही बसा. मी टाकते.”

बाळाला खांद्यावर घेऊन ती वाकली आणि एकेक कळ दाबू लागली. दीर खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. थोड्या वेळानं त्यानं मान वळवली आणि तो भिंतीकडे बघत राहिला.