ओळीवरची टिंबं

"आत्ता गेलं होतं. आत्ता," टायपिस्टबाई म्हणाल्या आणि पडद्याकडे बोट दाखवत राहिल्या. पडद्यावर सगळे अनुस्वार जागच्या जागी होते.

या ऑफिसचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. त्या एका तक्रारीपायी ही माझी तिसरी खेप. ओळीवरची टिंबं मधेच गायब होतात, असं बाईंचं म्हणणं. मी वायर बदलली, पडदा बदलला, वरून खालपर्यंत पान फिरवून पाहिलं. काही नाही. माझं डोकं तापलं होतं.

"बाई, मशीनला काही धाड भरलेली नाही. डोळे तपासून घ्या."

सगळं ऑफिस हसलं. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

बाईंनी ते मनावर घेतलं. टिंब दिसलं नाही की आपल्याच हातून राहिलं असं समजून त्या ते पुन्हा देत, आणि कागदावर एकाच्या जागी दोन छापली जात. "पत्रांना कांजिण्या आल्यात," साहेब म्हणाले आणि बावीस वर्षं टायपिंग केलेल्या बाईंना त्यांनी पाकिटं चिकटवायला बसवलं.

महिन्याभराने त्यांच्या जागी आलेल्या टायपिस्टने मला बोलावलं. तक्रार तीच.

"करून दाखवा," मी म्हणालो.

तिने शेवटच्या ओळीपासून वर जायला सुरुवात केली. "बाईंनी शिकवलंय. वरून वाचलं की मन पुढे पळतं, चूक सापडत नाही."

ती वर जाऊ लागली, तशी ओळीओळीची टिंबं कापली गेली. खाली गेलं की परत हजर. मी तिन्ही वेळा नुसता खाली गेलो होतो. वर जाऊन बघावं, एवढंही मला सुचलं नव्हतं. ओळींमधली जागा जरा वाढवली आणि दोष गेला. दोन मिनिटांचं काम.

मी बाईंकडे गेलो. "बाई, चूक मशीनचीच होती."

त्यांचा हात थांबला. "म्हणजे मला बरोबर दिसत होतं?"

"हो."

"मग एवढं साहेबांना सांगाल? मी सांगून कोणाला पटायचं नाही."

"सांगतो की. आत्ताच सांगतो."

केबिनमध्ये पाच-सहा जण बसले होते. "काय, आता या नवीचेही डोळे गेले का?" साहेबांनी विचारलं. सगळे हसले. मीही हसलो. माझी चूक माझ्या तोंडून निघेना.

"किरकोळ होतं. झालं," एवढंच बोललो आणि रजिस्टरवर सही केली. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

बाहेर आलो तर बाई उभ्या होत्या. उरलेली पाकिटं त्यांनी शेजारच्या टेबलावर देऊन टाकली होती. गोंदाच्या बाटलीला झाकण लावलं होतं आणि पर्स खांद्याला अडकवून त्या आपल्या जुन्या खुर्चीकडे जायला निघाल्या होत्या.