चौतीस नंबरची जर्सी

"चौतीस?" बर्निसने चिठ्ठी चष्म्याजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. "अरे, चौतीस नंबर तर लेव्हॉनचा."

"मला माहितीये," प्रेस्टन म्हणाला. "तुम्ही फक्त शिवा."

चिठ्ठीवर नाव होतं व्हॅन ऑर्डेन. टल्साच्या बास्केटबॉल संघातला उंचापुरा धिप्पाड गडी, टीव्हीवर कायम चमकणारा. जर्सी मात्र इथल्या संघाची, बफेलो पायलट्सची, पाठीवर व्हॅन ऑर्डेन, खाली चौतीस. उद्या दुपारपर्यंत हवी, आणि याबद्दल कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही, असं प्रेस्टनने बजावलं. प्रेस्टन हा जनरल मॅनेजर हॅस्केलसाहेबांचा मदतनीस. तळघरात उतरायची वेळ त्याच्यावर क्वचितच यायची, त्यामुळे कपडे धुण्याच्या मोठ्या यंत्रांकडे तो ती अंगावर धावून येतील अशा नजरेने बघत होता.

बर्निस पावलॅकने त्याला एवढ्यावर सोडला नाही. तिने खोदून खोदून विचारलं आणि त्याला सांगावं लागलं. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत उद्या तीनला संपत होती. सकाळीच टल्साला प्रस्ताव गेला होता की तुमचा व्हॅन ऑर्डेन आम्हाला द्या, आमचा लेव्हॉन स्पायर्स घ्या, वर पुढल्या दोन वर्षांत नव्या पोरांतून पहिली निवड करायची आमची पाळीही घ्या. टल्साचा होकार अजून यायचा होता. पण व्हॅन ऑर्डेन पहिल्यापासून चौतीस नंबरच घालतो, आणि तो आल्या आल्या जर्सी हातात धरून त्याचा फोटो निघाला पाहिजे, अशी साहेबांची इच्छा होती.

"लेव्हॉनला माहितीये?"

प्रेस्टनने एका बुटावरचं वाळलेलं मीठ दुसऱ्या बुटाने खरवडलं. रस्त्यावरच्या बर्फावर टाकलेलं ते मीठ फेब्रुवारीभर सगळ्यांच्याच बुटांना चिकटलेलं असे. "ठरल्यावर सांगतील ना," तो म्हणाला आणि जिन्याकडे वळला.

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, ते हेच. पण निदान त्या भटणीला मार तरी कळत असेल. इथे ज्याचा बाजार मांडला त्यालाच पत्ता नव्हता. माणूस अजून पानावर बसलाय आणि यांनी त्याच्या खालचा पाट दुसऱ्याला देऊनही टाकला.

तरीही बर्निसने व्हॅन ऑर्डेनची अक्षरं कापायला घेतली. सव्वीस वर्षांची सवय होती. कागद यायचा, हात चालायचे. संघात आलेल्याचं नाव ती शिवायची, गेलेल्याचं उसवायची, आणि कोण येणार, कोण जाणार हे तिला नेहमी त्या माणसाच्या आधी कळायचं. यात तिला कधी मानाचं वाटलं नव्हतं. मागे एका खेळाडूला आपली रवानगी झाल्याचं न्हाव्याच्या दुकानातल्या टीव्हीवर दिसलं होतं. अर्धी दाढी झालेली होती आणि दुकानातलं गिऱ्हाईक न् गिऱ्हाईक त्याच्याकडे बघत होतं. बर्निसला ते ऐकून आपली जुनी गोष्ट आठवली होती. ती सूट शिवायच्या कारखान्यात होती तेव्हाची. कारखाना बंद झाला हे तिला फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं, तेही डब्यातल्या पिएरोगी, बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, अजून गरम असताना. काम जातं, ते समजता येतं. पण आपल्याला सोडून सगळ्या गावाला आधी कळावं, याचा सल जात नाही.

ती अक्षरं पाठीवर बसवत होती तोच दारात लेव्हॉन आला. दाराच्या चौकटीतून तो नेहमी डोकं वाकवून यायचा. बर्निसने हाताला लागलेला टॉवेल जर्सीवर टाकला.

"मिस बर्निस, ऐकलंत का? माझा गुडघा दुखतोय."

"कधीपासून?"

"मलाही आत्ताच कळलं," तो खुर्चीत बसत म्हणाला. "डॉक्टर म्हणाले आज खेळायचं नाही. गुडघा माझा, आणि दुखतोय हे त्यांना आधी कळलं. निदान हात लावून तरी बघायचं."

तो हसत होता, पण डोळे तिच्या चेहऱ्यावर होते. बर्निसला सगळं समजलं. मोडकं भांडं कोणी बदलून घेत नाही, म्हणून उद्यापर्यंत त्याला फडताळात ठेवला होता.

लेव्हॉन आठ वर्षं या संघात होता. तो काही नावाजलेला खेळाडू नव्हता. दमलेल्या मोठ्या खेळाडूंना थोडा वेळ विसावा द्यायचा, समोरच्या दांडग्याला अडवायचं, कोपर खायचं, आणि पुन्हा बाकावर येऊन बसायचं, हे त्याचं काम. ऑक्टोबरात हॅस्केलसाहेबांनी त्याला बोलावून घेतलं होतं. किती दिवस भाड्याच्या घरात राहणार, घर घे, तू कुठेही जात नाहीस, असं सांगितलं होतं. लेव्हॉनने घर घेतलं. त्याची बायको योलांडा मिसिसिपीतली शाळेची नोकरी सोडून इथे आली, आणि आता तिचे दिवस भरले होते.

म्हणूनच तो आला होता. संघातल्या कुणाला पहिलं मूल झालं की बर्निस त्याच्यासाठी छोटी जर्सी शिवायची. बापाच्या जर्सीचं उरलेलं कापड, बापाचा नंबर, बापाचं नाव. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि त्याचे पैसेही ती घेत नसे. लेव्हॉनच्या बाळाची जर्सी तयारच होती. तिने ती खणातून काढून त्याच्या हातावर ठेवली. पुढे संघाचं नाव आणि चौतीस, मागे स्पायर्स. त्याच्या पंजावर ती पुरती मावली.

त्याने ती उलटसुलट करून बघितली. बाळ घरी आल्यावरच नेईन, आधी नेलेली माझ्या आईला चालणार नाही, असं म्हणून त्याने ती परत दिली. मग उठता उठता विचारलं, "मिस बर्निस, तुमच्या कानावर काही आलंय का?"

"मला खाली कोण काय सांगायला येतंय," ती म्हणाली.

तो मान डोलावून गेला. बर्निसने टॉवेल उचलला. टॉवेलाखाली परक्याचं नाव होतं, आणि ते तिने स्वतःच्या हाताने शिवलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थोडी हॅस्केलसाहेबांवर, आणि बरीचशी आत्ताच बोललेल्या खोट्यावर. नंबर शिवायचा राहिला होता. तो तसाच ठेवून ती जिना चढली.

हॅस्केलसाहेबांनी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. ते ओरडणारे गृहस्थ नव्हते, हीच त्यांची मोठी अडचण. शांतपणे म्हणाले, "बर्निस, हा फक्त प्रस्ताव आहे. असे पुष्कळ निघतात आणि विरतात. प्रत्येक वेळी ज्याला त्याला सांगत बसलो तर एकाही खेळाडूला झोप लागणार नाही."

"मांडला कुणी? त्यांनी की आपण?"

"तो तुमच्या कामाचा भाग नाही."

"म्हणजे आपण."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी धंदा म्हणजे काय ते तिला समजावलं. खेळाडूंना यासाठीच इतके पैसे मिळतात, संघ त्यांना हवं तिथे पाठवू शकतो, करारात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि लेव्हॉनने सही करताना ते वाचलं होतं. बर्निसने सगळं ऐकून घेतलं. यातलं काही खोटं नव्हतं.

"पाठवा की," ती म्हणाली. "करारात लिहिलंय, पाठवा. पण घर घे, हे करारात नव्हतं साहेब. ते तुम्ही तोंडाने सांगितलंत. मग हेही तोंडाने सांगा. त्याला बोलवा आणि त्याच्या तोंडावर सांगा की तुला द्यायला काढलाय. मग मी हवा तो नंबर शिवते."

"आणि टल्सा नाही म्हणाले तर? उगाच त्याचं मन दुखवायचं?"

"मन दुखेल म्हणून सांगत नाही होय तुम्ही?"

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. तळ्याकडून आलेला बर्फ काचेवर आडवा बसत होता. ते म्हणाले, या खोलीतली गोष्ट बाहेर गेली तर तिची नोकरी वाचवणं त्यांच्या हातात राहणार नाही. तेही त्यांनी काळजीच्या सुरातच सांगितलं. केसाने गळा कापणं म्हणजे काय, हे बर्निसला त्या दिवशी नीट दिसलं.

खाली उतरताना तिला घरभाडं आठवलं, दोन वर्षांवर आलेली पेन्शन आठवली. आठवणारच. ती काही वीरांगना नव्हती, गुडघे धरून जिना उतरणारी बाई होती. पण त्याने विचारलं होतं, आणि तिने खोटं सांगितलं होतं, आणि हे असंच ठेवून तिला घरी जाता येईना.

लेव्हॉन कपडे बदलायच्या खोलीत एकटाच होता. सामन्याला बाकावर बसायचं म्हणून सूट घालून टाय बांधत होता. तिने दार लावलं आणि सांगून टाकलं. टल्सा, व्हॅन ऑर्डेन, सकाळी गेलेला प्रस्ताव. चौतीस नंबरसुद्धा.

तो टायची गाठ धरून तसाच उभा राहिला. "चांगला आहे व्हॅन ऑर्डेन," तो म्हणाला. मग विचारलं, "नुसता मी?"

तिला हे सांगायचं नव्हतं. "तू, आणि दोन वर्षांची पहिली निवड."

"म्हणजे नुसता मी पुरलो नाही." तो खाली बसला. "योलांडाला काय सांगू, मिस बर्निस? ती घरी पाळणा जोडत बसलीये. स्क्रू राहिलेत म्हणून दोनदा फोन आला."

बर्निसने त्याच्या कॉलरवरचा दोरा काढला, तेवढंच हाताशी काम होतं. त्या संध्याकाळी तो बाकावर बसला, संघातल्या पोरांसाठी टाळ्या वाजवल्या, आणि कुणाला काही कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो घरी फोनजवळ बसून राहिला. पाळण्याशेजारी भरलेली बॅग होती. तीन वाजले, साडेतीन वाजले. फोन आला नाही. मुदत संपली आणि पायलट्समधून कुणीच गेलं नाही, हे त्याला रेडिओवरून कळलं. त्यातही निवेदक म्हणाला की पायलट्सने या वर्षी आपली घडी मोडली नाही, माणसं सांभाळणारा संघ म्हणतात तो हा.

प्रेस्टन तळघरात आला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. टल्सावाले नाही म्हणाले, सगळं जसंच्या तसं राहिलं, कुणाचं काहीच बिघडलं नाही, असं तो दोनदा म्हणाला. तेवढं व्हॅन ऑर्डेनचं नाव उसवून टाका म्हणजे कापड वाया जाणार नाही, असंही म्हणाला.

"शिवलं मी," बर्निस म्हणाली. "उसवायला तू बस." तिने टाके उसवायचं छोटं हत्यार त्याच्यापुढे धरलं. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि जर्सी गुंडाळून कचऱ्याच्या पिशवीत घातली.

शुक्रवारी सामन्याआधी हॅस्केलसाहेब खेळाडूंमध्ये आले. लेव्हॉनच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणाले, "काय, गुडघा कसा आहे?"

"दुखत नव्हता, साहेब," लेव्हॉन म्हणाला.

साहेबांचा हात क्षणभर तिथेच राहिला, मग निघाला. कोणी सांगितलं हे त्यांनी विचारलं नाही आणि लेव्हॉनने सांगितलं नाही. पण त्यांना अंदाज आलाच. मार्चपासून नावं शिवायचं काम बाहेरच्या छपाईवाल्याकडे गेलं, आणि बर्निसकडे धुणं आणि फाटकं शिवणं तेवढं उरलं. आधुनिक पद्धत आणायची म्हणून हे केलं, असं तिला पत्राने कळवण्यात आलं.

पण हे नंतरचं. त्या शुक्रवारी लेव्हॉन खेळला, कोपरं खाल्ली, आणि लोकांनी उठून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. रविवारी योलांडाला मुलगी झाली. सोमवारी तो डोकं वाकवून बर्निसच्या दारातून आत आला. पोरीचं वजन सांगितलं, रंग सांगितला, रडणं सांगितलं. ती आईची बोटं घेऊन आली म्हणाला. बर्निसने खणातून छोटी जर्सी काढली आणि कागदात गुंडाळू लागली.

"एक काम कराल?" तो म्हणाला. "नाव राहू दे. नंबर राहू दे. वरचं तेवढं काढता येईल?"

बर्निसने जर्सी पुन्हा टेबलावर पसरली. चौतीसच्या वर कमानीत पायलट्स लिहिलेलं होतं. तिने बारीक दुहेरी टाका घातला होता, पोराने ओढलं तरी निघू नये म्हणून.

"निघेल," ती म्हणाली. "पण सुईची भोकं राहतील. कमान दिसत राहील तिथे."

"दिसू दे. मोठी झाली की विचारेल. मी सांगेन तिला."

तिने दिवा जवळ ओढला, चष्मा पुसला आणि पहिला टाका कापला. लेव्हॉन समोरच्या खुर्चीत गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. सुटलेला दोरा तो एकेक करून उचलत होता आणि तळहातावर गोळा करत होता.