देवापुढची किल्ली

कागदावर एकच ओळ टाइप केलेली होती. गुरुमूर्तींनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. ‘गाडीच्या मालकिणीच्या निष्काळजीपणामुळे किल्ली चोराच्या हाती लागली.’ खाली सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली मारून ठेवली होती.

“इथं करा, मामा,” विमा कंपनीचा वादिराज म्हणाला. तो त्यांच्याच, राजवाड्यामागच्या गल्लीतला. मराठीत सुरू केलेलं वाक्य तमिळमध्ये संपवायची त्याला सवय होती. “सही झाली की गाडीच्या दुरुस्तीचा रुपयात बारा आणे खर्च कंपनी देईल. फाइल बंद.”

“आणि हिचं?”

शेजारच्या खुर्चीत अंबा बसली होती. पापनाशमच्या बसस्टँडसमोर तिचं इडलीचं दुकान होतं. होतं म्हणजे, चोरानं ती गाडी त्यात घातली तोवर होतं.

“ते मग गाडीच्या मालकाकडून. चूक मालकिणीची ठरली ना.”

“मालकीण देवाघरी गेली,” अंबा तमिळमध्ये म्हणाली. “बिल तिकडं पाठवू का, सार?”

वादिराजनं मान खाली घातली. गुरुमूर्तींनी कागद बाजूला सारला.

गाडी शेषम्माची होती. पापनाशमच्या शाळेत ती शिकवायची आणि रोज स्वतः चालवत जायची. वीज मंडळात तीस वर्षं मीटर वाचलेल्या तिच्या नवऱ्याला, म्हणजे गुरुमूर्तींना, गाडी चालवता येत नव्हती. ते शेजारी बसायचे. सरस्वतीपूजेच्या दिवशी तिनं दरवर्षीसारख्या घरातल्या कामाच्या वस्तू देवापुढं मांडल्या. तिची पुस्तकं, त्यांची पक्कड, विळी, आणि गाडीची किल्ली. प्रत्येकीला चंदनाचं बोट लावलं. एकदा पूजेत ठेवलेल्या वस्तूला दुसऱ्या दिवसापर्यंत कोणी हात लावत नाही. त्यात घरात बाहुल्यांचा कोलू मांडलेला, म्हणजे दार सताड उघडं. येईल त्यानं बाहुल्या बघायच्या आणि सुंडल, म्हणजे चण्याची कोरडी उसळ, खाऊन जायचं. एक अनोळखी माणूस आला. बाहुल्यांना हात जोडले, सुंडल दोनदा मागून खाल्लं, आणि जाताना किल्ली उचलली. तासाभरात गाडी अंबाच्या दुकानात होती. चोर पळाला, तो अजून सापडला नव्हता.

शेषम्मा त्यानंतर अठरा दिवस जगली. हृदय आधीच नाजूक. अठराही दिवस तिचं एकच चाललं होतं, “किल्ली मीच ठेवली हो तिथं.” ते म्हणायचे, सोड गं आता. तिनं सोडलं नाही. आणि आज तेच कागदावर लिहून तिच्या नावाला कायमचं चिकटवायचं होतं, तेही त्यांच्या हातानं.

“मी सही करत नाही.”

“हट्ट करू नका, मामा. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?”

“मला पडतो. मी अजून आहे.”

त्यांनी खिशातून रुमाल काढून टेबलावर उलगडला. पोलिसांनी परत दिलेली किल्ली. तिच्या काळ्या मुठीवर चंदनाचा वाळलेला ठिपका होता.

“इकडंतिकडं टाकलेल्या किल्लीला चंदन लागतं का रे?” वादिराजनं हात पुढं केला तसे ते ओरडले, “बोट लावू नकोस! पुसलं जाईल.”

“पण दार उघडं होतं, मामा. कोणीही यावं, किल्ली न्यावी. कंपनी त्याला निष्काळजीपणाच म्हणते.”

गुरुमूर्ती उठले. भिंतीवरचं वाचण्यात जन्म गेलेला माणूस. वादिराजच्या पाठीमागं लोखंडी कपाट होतं. त्याच्या दारावर चंदनाचा टिळा, मधोमध कुंकू, वाळून तडकलेलं. तसाच एक संगणकावर. शिक्क्याच्या मुठीवरही एक.

“त्या दिवशी या कपाटाची किल्ली कुठं होती?”

वादिराजनं मागं वळून कपाटाकडं पाहिलं.

“सांग ना, बाबा.”

“पूजेत.”

“आणि ऑफिसचं दार?”

“उघडं होतं. लोक सुंडलाला येत होते.”

“म्हणजे मेला चोर पत्ता चुकला,” अंबा म्हणाली. मागच्या टेबलावरची बाई फसकन हसली.

“आता तू लिही,” गुरुमूर्ती म्हणाले. “‘देवापुढं ठेवलेली किल्ली म्हणजे रस्त्यावर टाकलेली किल्ली, असं आमचं म्हणणं आहे.’ खाली तुझी सही कर आणि तो कागद या कपाटावर चिकटव, टिळ्याच्या खाली. मग माझी सही घे.”

वादिराजनं पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. शेवटी टाइप केलेल्या ओळीवर आडवी रेघ ओढली.

“काय लिहू?”

“घडलं ते. किल्ली पूजेत होती. चोरानं चोरली. मालकिणीची चूक नाही. अंबाचं दुकान मोडलं ते विम्यातून भरून द्यावं. शेषम्मा दरवर्षी हप्ता कशाला भरत होती?”

त्यानं लिहिलं. “पण वरचे मान्य करतील की नाही, मला सांगता येणार नाही.”

“नाही केलं तर सोमवारी आम्ही परत येतो. मंगळवारी परत. घरी माझी कोण वाट बघतंय? आणि ही अंबा चूल इथंच मांडील.”

“पंखा बरा आहे इथला,” अंबा वर बघत म्हणाली.

गुरुमूर्तींनी शब्दन् शब्द वाचला, सही केली आणि किल्लीवर रुमाल दुमडायला घेतला.

“मामा, फाइलीला किल्लीचा फोटो लागेल.”

त्यांनी रुमाल पुन्हा उलगडला.

“काढ,” ते म्हणाले. “लांबून काढ.”