गालाने वाजणारी बेल

कोलशेतच्या शाळेत विनिफ्रेड टीचर विज्ञान शिकवायच्या. त्या वर्षी सुट्टीत त्यांचं एक प्रशिक्षण झालं, आणि जूनमध्ये त्यांनी सातवीच्या वर्गात फळ्याच्या वर सहा शब्द चिकटवले: विचारा, सुचवा, आखा, बनवा, तपासा, सुधारा. इंजिनियर लोक असंच काम करतात, त्यांनी मुलांना सांगितलं. घरातल्या कोणाची तरी एक अडचण शोधा आणि तिच्यावर काहीतरी करून आणा. बिघडलं तर घाबरू नका. बिघडलेली वस्तूच पुढचं शिकवते.

क्षिप्राने निथळत्या छत्रीसाठी स्टँड करायचं ठरवलं. कोणी खाडीकडून येणाऱ्या डासांच्या मागे लागलं. शिवानी उभी राहिली आणि म्हणाली की बाबांच्या हातातून चमचा पडतो.

तिचे बाबा, सुदेश, वागळे इस्टेटमध्ये एका पॅकिंगच्या कंपनीत होते. आधी त्यांच्या बोटांतला जोर गेला, मग नोकरी सुटली. शिवानीने एसीच्या पाइपावरचा काळा स्पंज चमच्याच्या दांड्यावर चढवला. जाड दांडा बाबांच्या मुठीत नीट बसला आणि ते स्वतःच्या हाताने वरणभात जेवले. दुसऱ्या दिवशी ती वर्गात हे सांगताना इतकी भरभर बोलत होती की टीचरना तिला थांबवून श्वास घे म्हणावं लागलं.

दिवाळीआधी मनगट उचलेनासं झालं. शिवानीने खिडकीच्या ग्रिलला इलॅस्टिक बांधून हाताला झोळी केली. ती थोडे दिवस चालली. मग घास गिळणंच अवघड झालं, आणि चमचा, झोळी, सगळं बाजूला पडलं. वर्गातल्या इतरांच्या वस्तू सुधारत होत्या. शिवानीची वस्तू तयार होईपर्यंत बाबांची अडचणच पुढे निघून गेलेली असायची.

एक दिवस शाळा सुटल्यावर टीचर तिच्या घरी गेल्या. शिवानी खाली दूध आणायला गेली होती. तिची आई शेवंती दारातच हळू आवाजात बोलली. स्नायूंचा आजार होता. तो मागे फिरत नाही, फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पोरीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

"तिला वाटतं, आपली वस्तू बरोबर जमली की बाबा बरे होतील," शेवंती म्हणाली. "टीचर, तुम्हीच तिला सांगा. तुमचं ती ऐकते."

विनिफ्रेडबाईंनी मान डोलावली खरी, पण घरी येऊन त्यांना जेवण गेलं नाही. सुधारा हा शब्द त्यांनीच त्या पोरीच्या हातात दिला होता. तो परत कसा घ्यायचा, हे प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी शिवानीला प्रयोगशाळेत बोलावलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "शिवानी, तू जे करतेस ना, त्याने बाबा बरे होणार नाहीत गं."

शिवानी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"माहितीये, टीचर. प्रत्येक वेळी तपासते तर मीच ना." मग ती म्हणाली, "आईला नका सांगू. तिला वाटतं मला माहीत नाही."

टीचरनी तिचा हात धरला आणि घंटा होईपर्यंत दोघी तशाच बसल्या.

शेवटी शिवानीनेच विषय काढला. बाबांचा आवाज आता बसला होता. कोणाला हाक मारायची तर त्यांना येत नव्हतं, पण डावा गाल हलत होता. गालाने वाजेल अशी बेल करता येईल का?

टीचरचे यजमान लिनो इलेक्ट्रिशियनचं काम करायचे. त्यांनी दाराच्या जुन्या बेलची वायर जोडून दिली. बाकीचं सगळं शिवानीने केलं. पहिला खटका फार घट्ट झाला. दुसरा इतका हलका की बाबा खोकले तरी बेल वाजायची. मग तिने पातळ पत्र्याची पट्टी वाकवली, बाबांच्या गालापासून उशीपर्यंतचं अंतर मोजलं, पट्टीवर मऊ मोज्याचा तुकडा शिवला. ती मात्र जमली.

ती बेल कधीकधी उगाच वाजायची, असं शेवंतीने नंतर सांगितलं. पाणी नको असायचं, कूस बदलायची नसायची. शिवानी धावत जायची, तर ते नुसते तिच्याकडे बघत राहायचे.

जानेवारीत त्यांच्या छातीत कफ साठला. हॉस्पिटलमध्ये नेलं, तिथून ते परत आले नाहीत.

तेराव्यानंतर शिवानी शाळेत आली. शाळेचं प्रदर्शन जवळ आलं होतं. तिने बेल आणली नाही आणि टीचरनी ती मागितली नाही. ती क्षिप्राच्या गटात जाऊन बसली आणि छत्रीच्या स्टँडसाठी पुठ्ठे कापू लागली. क्षिप्राने तिला न विचारता कात्री दिली.

प्रदर्शनानंतर लिनोच्या ओळखीतून मोहन्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या भावाला तोच आजार होता. ती बेल मिळेल का, त्या विचारत होत्या. टीचरनी दोन दिवस तो विषय मनातच ठेवला, मग शाळा सुटताना शिवानीला सांगितला.

शिवानी चालता चालता थांबली.

"ती बाबांच्या मापाची आहे," ती म्हणाली. "त्या काकांना नाही बसणार. त्यांच्यासाठी दुसरी करावी लागेल."

"करशील?"

तिने मान खाली घातली. नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"आत्ता नको, टीचर."

"बरं," टीचर म्हणाल्या.

फाटकापाशी शेवंती उभी होती. तिने शिवानीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं आणि मायलेकी रस्त्याच्या कडेने चालू लागल्या. टीचरनी मोहन्याच्या बाईंना फोन लावला. बेल देता येणार नाही असं सांगितलं, आणि येत्या रविवारी लिनोला घेऊन माप घ्यायला आपणच येतो, म्हणाल्या.