वैजनाथच्या सोळा खोल्या

मी वैजनाथची निळी, चार चाकांची बॅग बोलतेय. जरा घाईनंच बोलते, कारण मला एका जागी फार दिवस कुणी राहू दिलेलं नाही, आणि आता मलाच ते जमत नाही. जमीन थोडी उतरती असली की मी आपोआप चालू लागते. वैजनाथच्या आई सिताबाई म्हणतात, "ह्या पेटीच्या अंगात वारं हाय."

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते सोलापूरचं दुकान. तिथं मला इतर बॅगांबरोबर साखळीनं बांधून फुटपाथवर उभं केलं होतं. एका सकाळी वैजनाथ आणि त्याचे वडील धुळाप्पा आले. बैल पारखावा तसं धुळाप्पांनी मला पारखलं. कडी ओढली, पाठीवर थाप मारली, डांबरी रस्त्यावरून दहा पावलं पळवलं, आणि शेवटी माझ्यावर चक्क बसले.

"हिला घे. वजन झेलती," ते वैजनाथला म्हणाले.

हे कुटुंब नळदुर्गच्या अलीकडं हायवेला लागून असलेल्या वस्तीवर राहतं. थोडी मेंढरं, थोडी जमीन. धुळाप्पा सरकारी रस्त्यावर मैलकुली होते. खड्डे बुजवायचे, साइडपट्टी झाडायची, गटार उपसायचं, हे त्यांनी तीस वर्षं केलं. वैजनाथनं दहावीतच शाळा सोडली. आधी ढाब्यावर ताटं धुतली, मग लॉजवर खोल्या आवरल्या. तिथल्या एका गिऱ्हाइकानं त्याला सहलीच्या जहाजावरच्या नोकरीचा रस्ता दाखवला. मला त्या नोकरीसाठीच घेतलं होतं.

वैजनाथ फार कमी बोलतो. त्याच्या आयुष्यातली मोठी अडचण या न बोलण्यातूनच झाली. पहिल्या जहाजावरून त्यानं घरी फोन केला, तेव्हा धुळाप्पांनी विचारलं, "काम काय हाय रं?"

"सोळा खोल्या माझ्याकडं हायत, अण्णा."

"सोळा खोल्या तुझ्याकडं? म्हंजे मॅनेजरच की!"

वैजनाथनं दुरुस्त करायला तोंड उघडलं. पण पलीकडं अण्णा कुणालातरी मोठ्यानं सांगत होते, "पोरगं मॅनेजर झालं!" त्यानं तोंड मिटलं. खरं म्हणजे तो त्या सोळा खोल्या झाडायचा, पलंग घालायचा, न्हाणीघरं धुवायचा. दिवसातून दोनदा. बिछान्यावर टॉवेलाचा हत्ती करून ठेवायचा. मी त्याच्या खाटेखाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली पडून असायची आणि त्याच्या बोटांना येणारा औषधाचा वास ओळखायची.

आम्ही तीन कंपन्यांची जहाजं पाहिली. त्यांची नावं मला नीट घेता येत नाहीत, घरात त्यांना जी नावं पडली तीच सांगते.

पहिलं स्वस्त जहाज. तिकीट इतकं कमी की लोक धावत यायचे. पण आत पाण्याच्या बाटलीला पैसे, कॉफीला पैसे, इंटरनेटला पैसे. बंदरावर एका प्रवाशाची जांभळी बॅग माझ्याशेजारी उभी होती. ती कुरकुरत म्हणाली, "दारात स्वस्त, घरात महाग. शेवटच्या दिवशी बिल बघून आमच्या साहेबांचा घास घशात अडकला."

दुसरं शांत जहाज. तिकीट जवळजवळ दुप्पट, पण बरंच काही त्यातच धरलेलं. म्हातारी माणसं पुस्तक वाचत बसलेली, पियानो वाजतोय, जेवायला पांढरी चादर आणि ताटात मात्र चमचाभर भाजी. एक जुनी कातडी बॅग मला म्हणाली होती, "आराम आहे गं, पण चार दिवसांत कुणी मोठ्यानं हसलं नाही."

तिसरं घसरगुंडीचं जहाज. अठरा मजले, वरून खालपर्यंत पाण्याच्या घसरगुंड्या, बर्फावरचे खेळ, सकाळपासून खाणं. तिकीट मधलं. लिफ्टला रांग आणि कानाला विश्रांती नाही. वैजनाथ सध्या या जहाजावर असतो, आणि ते या मोसमात सिंगापूरहून चार-चार दिवसांच्या फेऱ्या करतं.

गेल्या सुट्टीत वैजनाथ घरी आला आणि मी कपाटावर चढले. कपाटावर मला जीव नकोसा होतो. चाकं हवेत असतात. तिथून मला पडवीतलं सगळं ऐकू यायचं.

एका दुपारी सगळे शेंगा फोडत बसले होते. धुळाप्पा रिटायर झाले होते. ते एकदम म्हणाले, "तुझ्या आईचे गुडघे चाललेत. ते बसायच्या आत तिला समुद्र दाखवायचा. तू मॅनेजर हाईस ते जहाज बघायचं."

वैजनाथच्या हातातली शेंग फुटली आणि दाणे सांडले.

"माझं जहाज कशाला, अण्णा? त्याच्यापेक्षा दुसरी चांगली हायत."

मग तो बोलू लागला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. शांत जहाजात खोल्या ऐसपैस, गर्दी नाही, पैशाचं चीज होतं. स्वस्त जहाज परवडतं, पाणी आपलं आपण न्यायचं म्हणजे झालं. आपल्या जहाजात मात्र गोंधळ, रांगा, खोली म्हणजे खुराडं.

"आन् पोरं दिवसभर वरून खाली घसरत असत्यात," तो म्हणाला.

"पोरं घसरत्यात ना? मला थोडंच ढकलणार हायत!" धुळाप्पा म्हणाले. "शांत जहाजात मटण मिळतं का?"

"मिळतं. पण एवढंसं."

"मग ते राहू दे."

धाराशिवला कॉलेजात शिकणारी धाकटी बहीण समृद्धी खुसखुसली. "दादा, तू स्वतःच्या कंपनीला एवढी नावं ठेवतोस, तुला काढत कसं न्हाईत?"

वैजनाथ खाली मान घालून दाणे वेचत राहिला. त्याचं काय चाललंय हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. त्याला आईला समुद्र दाखवायचा होता. मनापासून. पण आईनं त्याला हातात ब्रश घेऊन न्हाणीघरात वाकलेलं पाहू नये, एवढंच त्याला हवं होतं.

सिताबाई आतापर्यंत गप्प होत्या. त्या महिन्यात त्यांनी समृद्धीसाठी दोन स्थळं पाहिली होती. त्यांची एक रीत आहे. बैठकीतल्या गप्पा त्या ऐकून घेतात, मग पाणी प्यायच्या निमित्तानं उठून सरळ स्वयंपाकघरात जातात. एका घराला त्यांनी बागायत असून नकार दिला होता. "सून भिंतीकडं तोंड करून उभ्यानं खात हुती," एवढंच कारण सांगितलं.

आता त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"वैजू, पाण्याचं, मटणाचं झालं. तिन्ही ठिकाणी कामाची माणसं कवा जेवत्यात, आन् कुठं, ते सांग."

या प्रश्नाची तयारी त्यानं केली नव्हती. आणि जेवणाविषयी आईशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"स्वस्त जहाजात उभ्या उभ्याच," तो म्हणाला. "धा मिनिटं. उरलंसुरलं. शांत जहाजात जेवण बरं, पण खाली भांडारात बसून. वरचा माणूस आला की ताट झाकून उभं ऱ्हायचं."

"आन् तुमच्यात?"

मला वाटलं, आता तो काहीतरी जोडून सांगेल.

"आमच्यात टेबल-खुर्ची हाय, आई. वेळ ठरलेली हाय. भात-आमटी असती. भाकरी न्हाय, पण चपाती असती. कुणी उठवत न्हाय."

"मग ठरलं," सिताबाई म्हणाल्या आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "घसरगुंडीचंच."

पासपोर्ट झाले. तिकिटं समृद्धीनं धाराशिवच्या एका एजंटाकडून काढली. तिघांना मिळून एक खोली. वैजनाथनं मागं एकदा जहाजातल्या बोळाचा फोटो पाठवला होता, त्यात एका दाराचा नंबर दिसत होता. तिनं एजंटाला नेमका तो नंबर दिला. "दादाच्या सोळातलीच एक घेतली," असं तिनं हौसेनं सांगितलं तेव्हा वैजनाथ ताटावरून उठला.

पुढचे काही दिवस त्यानं मला तीनदा कपाटावरून उतरवलं, तीनदा भरलं, तीनदा रिकामं केलं. कपडे तेच. घडीही तीच. माझी चेन घसरायला लागली. मला वाटायचं, निघ बाबा एकदाचा, नाहीतर बोल तरी.

वैजनाथ कामावर पुढं निघायच्या तीन दिवस आधी धुळाप्पा नळदुर्गच्या बाजारातून एक काळं घोंगडं घेऊन आले. पडवीत उलगडून दाखवलं. ऊन त्याच्या लोकरीत शिरत होतं.

"हे कुणाला?" वैजनाथनं विचारलं.

"तुझ्या हाताखाली जो माणूस खोल्या झाडतो त्याला. परमुलखात राबतोय बिचारा. आपण रिकाम्या हातानं कसं जायचं?"

वैजनाथनं घोंगड्याचं एक टोक हातात धरलं.

"अण्णा, माझ्या हाताखाली कुणी न्हाय."

"म्हंजे?"

"खोल्या मीच झाडतो. पलंग मीच घालतो. संडास बी मीच धुतो. मी मॅनेजर न्हाय. तुमीच म्हणालात, आन् मी गप ऱ्हायलो."

बाहेर हायवेवरून एक ट्रक गेला. मग दुसरा. धुळाप्पांनी घोंगड्याची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली.

"चार वर्षं?" ते म्हणाले.

"चार वर्षं."

"अन् आमी गेलो की आमची बी खोली तूच..."

"व्हय."

"मग मी न्हाय येत," धुळाप्पा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मी घाण केलेल्या संडासाला माझ्या पोरानं हात लावायचा? माझ्यासमोर? न्हाय जमायचं मला." आणि ते मेंढरांकडं निघून गेले.

सिताबाईंनी वैजनाथला जवळ बसवलं. "हे तू मला फोनवर सांगितलं असतंस तर मी काय म्हणले असते?"

"काय?"

"जेवलास का, म्हणले असते. दुसरं काय म्हणणार!"

तो तीन दिवसांनी गेला. मला न घेता. नळदुर्गहून त्यानं एक काळी बॅग आणली होती. माझ्या कडीवर हात ठेवून तो आईला म्हणाला, "ही तुमाला ऱ्हाऊ दे. समुद्राची सवय हाय हिला. अण्णांना लई आग्रह करू नका." बसपर्यंत समृद्धी गेली. धुळाप्पा गेले नाहीत. मेंढरांच्या वाड्याशी उभे राहून ते बस दिसेनाशी होईपर्यंत रस्त्याकडं बघत होते, हे मला कपाटावरून खिडकीतून दिसलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. सिताबाई माझ्यात एकेक वस्तू ठेवायच्या. दोन लुगडी, शेंगदाण्याची चटणी, गुडघ्याचं तेल. धुळाप्पांचं धोतर त्यांनी ठेवलं, धुळाप्पांनी काढलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा काढलं.  मी मात्र कधी तीन माणसांची, कधी दोन माणसांची होत होते.

"अवं, निदान धोतराला तरी जाऊ द्या फिरायला," एकदा सिताबाई म्हणाल्या. धुळाप्पा हसले नाहीत.

निघायच्या दिवशी सकाळी ते कुठंतरी बाहेर गेले. समृद्धी चिडली. गाडी दारात आली होती, हैदराबादपर्यंत लांब जायचं होतं. ते आले तेव्हा काखेत एक नवा फडा होता, शिंदीच्या पानांची केरसुणी, घट्ट बांधलेली. त्यांनी माझी चेन ओढली, धोतर स्वतःच्या हातानं तळाशी घातलं आणि वर फडा तिरका बसवला.

"अण्णा! हे काय? तिथं मशीन असतं झाडायचं."

"असू दे. कोपऱ्यातलं मशीनला निघत न्हाय. मी तीस वर्षं सरकारचा रस्ता झाडलाय, एका खोलीचं काय घेऊन बसलीस!"

"पण ते झाडू देणार न्हाईत पाहुण्याला."

"दाराला आतून कडी असती का न्हाय?"

"असती..."

"मग झालं. आमची खोली मी झाडीन. संडास बी मीच धुईन. तुझ्या दादाला पंधराच राहतील." त्यांनी चेन ओढून घेतली. ती मधेच अडली. गुडघ्यानं मला दाबून त्यांनी ती पुरती बंद केली. सिताबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि त्या हसत होत्या की रडत होत्या हे मला आतून कळलं नाही.

आता मी हैदराबादच्या विमानतळावर, काळ्या पट्ट्यावर आडवी पडले आहे. इतक्या वेळा गेले, पण असं धडधडलं कधी नव्हतं. फड्याची टोकं माझ्या अस्तराला टोचतायत. तिकडं सिंगापूरला जहाजावर असलेल्या वैजनाथला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याला वाटतं, अण्णा येत नाहीत. तो खोली झाडायला यांच्या दारावर थाप मारेल, तेव्हा अण्णा आतून कडी काढतील की नाही, मला काही सुचत नाही.

मशीनच्या पडद्यापुढं बसलेल्या साहेबांनी माझ्याकडं दुसऱ्यांदा पाहिलं. हात वर करून पट्टा थांबवला.

साहेब, उघडायचं असेल तर उघडा. वरच फडा दिसेल. हसू नका, आणि काढून ठेवू नका. घरातली लक्ष्मी आहे, तिला पाय लागू देऊ नका. चेन डावीकडं अडते, तिथं जरा हळू ओढा. बघून झालं की होता तसाच तिरका ठेवा आणि मला लवकर पुढं सोडा. माझ्या म्हाताऱ्याला तिकडं एक खोली झाडायची आहे.