बाईंच्या डबीतली तार

काचेच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत बर्नरच्या ज्योतीवर नमुने तपासायचं टेबल बाईंचं होतं. बाई वारल्या त्याला आठ महिने झाले, तरी सगळे ते बाईंचंच टेबल म्हणत. आता तिथे त्यांचा मदतनीस बसायचा, ज्याला सगळे चष्मिस म्हणत. समोरच्या टेबलावर तराजू सांभाळणारा बाईंचा नवरा रोज ते बघायचा आणि त्याच्या पोटात दुखायचं.

कारणही तसंच होतं. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी बाईंनी आपली डबी चष्मिसच्या हातात ठेवली होती. आत प्लॅटिनमची तार आणि निळ्या काचेचा तुकडा. नवरा तीन हातांवर उभा होता. वीस वर्षांचा संसार, आणि डबी परक्याला! का, ते विचारायचं राहिलं. मग सांगायला तीच राहिली नाही.

आज काचेत घालायच्या पोटॅशचं पोतं आलं होतं. आत खरंच पोटॅशियमवालं पोटॅश आहे की स्वस्तातला सोडियमवाला सोडा, ते ज्योतीवर बघायचं होतं. बाई नव्या माणसांना सांगायच्या, "अणूच्या मधोमध केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉन आपापल्या पायरीवर. तापला की वर चढतो, पण तिथे काही त्याचं बूड टिकत नाही. खाली येताना प्रकाश टाकतो. सोडियमचा पिवळा, पोटॅशियमचा फिका जांभळा. ज्याचा त्याचा रंग, लपवून लपत नाही."

चष्मिसने तार आम्लात बुडवून, तापवून स्वच्छ केली, स्टँडला लावली आणि तो नमुना आणायला गेला. नवरा उठला. गार झालेल्या तारेवरून त्याने दोन बोटं टोकापर्यंत ओढली. घामातल्या मिठाने ज्योत पिवळी होणार. निळ्या काचेतून बघितलं तर पिवळा अडतो, पण चष्मिस ती सहसा डबीतून काढत नाही, म्हणजे सोडा समजून पोतं परत पाठवणार. साहेब त्याला झापणार, आणि डबी घरी येणार.

चष्मिसने परत येऊन तारेवर नमुना घेतला आणि ज्योतीत धरला. ज्योत पिवळीधमक झाली.

चष्मिसने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "दादा, तारेला हात लावलात?"

"मी कशाला लावू?"

चष्मिसने काच काढून त्याच्यापुढे धरली. "बघा."

काचेने पिवळा अडवला होता. मागे फिका जांभळा जळत होता. पोटॅशच.

"बाई म्हणाल्या होत्याच," चष्मिस हसला.

"काय म्हणाली होती?"

"म्हणाल्या, तार यांच्या हाती देऊ नका. हात भलता घामट. सिनेमाला माझा हात धरला की तीन तास सोडत नाहीत, मला रुमाल लागतो. मला चालतं, तारेला नाही चालत."

नवऱ्याने हात विजारीला पुसला. मघापेक्षा जास्तच जळला तो.

"हे तुला सांगितलं तिने? मला कधी बोलली नाही."

चष्मिसने तार पुन्हा आम्लात बुडवली.

"बोलल्या असत्या, तर तुम्ही हात धरणं सोडलं असतंत, दादा."